पाच अंश, पण कुठे मोजलेले?

२०११च्या उन्हाळ्यात मी आठवीत जाणार होतो आणि सुट्टीला राजापूर तालुक्यात मामाकडे आलो होतो. ती सुट्टी नेहमीसारखी नव्हती. १८ एप्रिलला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण गेला होता. रस्त्यावर जागोजागी पोलिसांच्या गाड्या होत्या, आणि आम्ही पोरं जवळ आलो की मोठी माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. नाक्यावरच्या किराणा दुकानात बरण्यांच्या मागे एक झेरॉक्स कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं, ‘जैतापूर प्रकल्पाचे धोके’. खाली अकरा मुद्दे. समुद्र उकळणार. मासे मरणार. वीस वर्षांत ९२ भूकंप. सुनामी आली तर फुकुशिमा. हापूस नासणार. असं बरंच. दुकानदाराने एक प्रत माझ्या हातात दिली. “वाच. आमचं काय, झालंच आता. तुमच्या पिढीचं आहे हे.”

त्याच आठवड्यात मामाकडे प्रकल्पाच्या बाजूचं एक गुळगुळीत रंगीत पत्रक आलं. त्यात काहीच धोका नव्हता. एकही नाही. मला तेव्हाही ते जरा विचित्र वाटलं होतं, कारण आमच्या घरच्या प्रेशर कुकरच्या माहितीपुस्तकातसुद्धा धोक्याचं एक पान होतं.

दोन्ही कागद मी शाळेच्या नकाशासंग्रहात ठेवले आणि विसरलो. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ते सापडले. आता मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, आणि माझा निम्मा दिवस दुसऱ्यांच्या कोडवर शंका काढण्यात आणि माझ्या कोडवरच्या शंकांना उत्तरं देण्यात जातो. त्या धंद्यात एक साधी सवय लागते. शंका कोणी काढली, कोणत्या सुरात काढली, ते बाजूला ठेवायचं. प्रत्येक शंका वेगळी उघडायची, तपासायची आणि बंद करायची असेल तर का बंद केली ते लिहायचं. दहा शंका चुकीच्या निघाल्या म्हणून अकरावी आपोआप चुकीची ठरत नाही. म्हणून ठरवलं, पेन्सिल घ्यायची आणि झेरॉक्सवरचे अकरा मुद्दे तसेच वाचायचे. बरोबर असेल तिथे टिक, चूक असेल तिथे काट.

त्याआधी थोडा इतिहास, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा माझ्याहून लहान असतील.

जैतापूर हे राजापूर खाडीच्या तोंडावरचं जुनं बंदर. प्रकल्पाला त्याचं नाव मिळालं, पण जागा आहे जवळच्या माडबनच्या सड्यावर. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल अशा गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. योजना होती फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या सहा ईपीआर अणुभट्ट्यांची. प्रत्येकी १,६५० मेगावॅट, एकूण ९,९०० मेगावॅट. एका जागी एवढी अणुवीज जगात कुठेही तयार होत नव्हती. मालक आपली सरकारी अणुऊर्जा कंपनी, एनपीसीआयएल. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल केला नागपूरच्या नीरी या सरकारी संस्थेने. १६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली. २८ नोव्हेंबर २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटींसह मंजुरी जाहीर केली. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले, करारावर सह्या झाल्या.

या तारखा एकापुढे एक ठेवल्या की काय वाटायचं ते वाटतंच. रमेश यांनीही लपवलं नव्हतं. हा निर्णय केवळ पर्यावरणाचा नाही, त्याला ऊर्जेची आणि परराष्ट्र धोरणाची बाजू आहे, असं ते उघडपणे म्हणाले होते. पण मंजुरी कोणत्या घाईत मिळाली यावरून तिच्याविरुद्धचे शास्त्रीय मुद्दे बरोबर होते असं सिद्ध होत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी नेमकं तेच टाळलं गेलं.

सुरुवात भूकंपाने करतो, कारण तिथे माझी पहिली काट पडली आणि मग तीच खोडावी लागली.

‘१९८५ ते २००५ या वीस वर्षांत जैतापूर परिसरात ९२ भूकंप, त्यातला सर्वांत मोठा १९९३ साली ६.२ तीव्रतेचा.’ हे वाक्य त्या काळात लेखांत, भाषणांत, सगळीकडे होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आकड्यांचा हवाला दिला जायचा. आता तुम्हीच विचार करा, १९९३ साली महाराष्ट्रात एवढा मोठा भूकंप कुठे झाला होता? किल्लारी. ३० सप्टेंबर, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी माडबनपासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. त्याला ‘जैतापूर परिसर’ म्हणायचं तर निम्मा महाराष्ट्र जैतापूर परिसरात येतो. उरलेल्या धक्क्यांतले बहुतेक कोयनेचे असणार हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही; कोयना तिथून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि १९६७पासून हलतेच आहे. मी जोरात काट मारली.

प्रकल्पाच्या बाजूचं उत्तरही तयार होतं. जैतापूर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, चौथ्यात नाही. विरोधक म्हणत चौथा, सरकार म्हणे तिसरा, आणि टीव्हीवर तासन्‌तास हेच चालायचं. मुळात हा झोनचा नकाशा घरं, पूल, साध्या इमारती बांधण्यासाठी आहे. अणुभट्टीसाठी त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. शिवाय हा नकाशा म्हणजे काही वेद नाहीत. किल्लारी हललं तेव्हा ते नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित झोनमध्ये होतं. नंतर २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिला झोन काढूनच टाकला. कोयनेचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७पर्यंत दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा खडक अशीच समजूत होती. दख्खनने पन्नास वर्षांत दोनदा आपल्याला खोटं पाडलेलं आहे.

नेमका हाच धागा २०११च्या नोव्हेंबरमध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातल्या एका निबंधाने पकडला. लेखक दोन. कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉजर बिल्हम आणि विनोद गौर. गौर म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेचे माजी संचालक, केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाचे माजी सचिव. बाहेरून आलेले आंदोलक नव्हेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जैतापूरजवळ मोठा भूकंप झाल्याची नोंद नाही हे खरं, पण या भागातल्या जुन्या नोंदीच अपुऱ्या आहेत. कोयना आणि किल्लारीला ज्या दाबामुळे धक्के बसले तोच दाब जैतापूरच्या खालच्या खडकावरही आहे. म्हणून तशाच आकाराचा भूकंप थेट प्रकल्पाखाली होण्याची शक्यता कमी असली तरी शून्य धरता येत नाही. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात बी. के. रस्तोगी यांनी या मांडणीला विरोध केला. त्यांच्या मते तिथे नुकसान करणाऱ्या भूकंपाचा धोका नाही. मग लेखकांनी त्यावर उत्तर दिलं. शास्त्रात असंच चालायला हवं. कागदावर, नावानिशी, पुराव्यानिशी.

मे २०१२मध्ये बिल्हम दिल्ली विमानतळावर उतरले आणि त्यांना तिथूनच परत पाठवण्यात आलं. अनेकांनी त्याचा संबंध या निबंधाशी जोडला. कारण काहीही असो, माणूस परत पाठवल्याने निबंधातलं एक वाक्यही खोडलं जात नाही.

तर झेरॉक्सवरचं ९२ भूकंपांचं वाक्य चूक होतं आणि त्यामागची भीती रास्त होती. मी काटेवर प्रश्नचिन्ह काढलं.

सुनामीच्या मुद्द्यालाही थोडं असंच झालं. सडा समुद्रापासून वीस-पंचवीस मीटर उंच आहे, तिथवर लाट पोचणं अवघड, हे उत्तर ठीकच आहे. पण अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी समुद्रातून येतं, आणि पाणी उचलणारे पंप पाण्याजवळच ठेवावे लागतात. फुकुशिमात डिझेल जनरेटर बुडाल्याचं सगळ्यांना आठवतं. समुद्राचं पाणी ओढणारे पंपही तिथे लाटेने निकामी केले होते, ते फारसं कोणी सांगत नाही.

*

आता पाणी. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

झेरॉक्सवर मोठ्या अक्षरात होतं: ‘रोज ५,२०० कोटी लिटर उकळतं पाणी समुद्रात!’ आकडा ऐकूनच माणूस घाबरतो. मीही तेरा वर्षांचा असताना वाफाळणारा समुद्र डोळ्यांसमोर आणला होता. आता म्हटलं, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा काहीतरी उपयोग करू. कॅल्क्युलेटर घेतला.

एका ईपीआरमध्ये साधारण ४,५९० मेगावॅट उष्णता तयार होते. त्यातली १,६५० मेगावॅट वीज होऊन तारेत जाते. उरलेली २,९४० मेगावॅट फेकून द्यावी लागते. यात कोणाचा दोष नाही. उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचं हेच आहे. सहा भट्ट्यांची मिळून होते सुमारे १७,६०० मेगावॅट. म्हणजे मुंबई-पुण्याला एक युनिट वीज गेली की माडबनच्या समुद्रात जवळपास पावणेदोन युनिट उष्णता जाणार. आता पाणी. दिवसाला ५,२०० कोटी लिटर म्हणजे सेकंदाला सहा लाख लिटर. ऑलिंपिकच्या आकाराचा पोहण्याचा तलाव दर चार सेकंदांना एक. एवढ्या पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला साधारण २,४०० ते २,५०० मेगावॅट लागतात. भागाकार केला. उत्तर आलं सुमारे ७ अंश.

म्हणजे समुद्रातून २९ अंशांचं पाणी आत गेलं तर ३६ अंशांचं बाहेर येणार. आंघोळीला आपण याहून गरम घेतो. ‘उकळतं’ या शब्दावर मी आनंदाने काट मारली. आणि गंमत म्हणजे समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या नव्या वीज केंद्रांसाठी आपल्या नियमांतली मर्यादाही ७ अंशच आहे. प्रकल्पाच्या बाजूने तर ५ अंशांचा आकडा सांगितला जात होता.

इथे मी थांबलो असतो. कंपनीत असतो तर मुद्दा बंद करून चहाला गेलो असतो. पण एक गोष्ट खटकत राहिली. उष्णता तेवढीच, पाणी तेवढंच, तर माझे ७ आणि त्यांचे ५ कसे?

फरक मोजण्याच्या जागेत आहे. नळीच्या तोंडाशी मोजलं तर ७. पाणी बाहेर पडून आजूबाजूच्या पाण्यात थोडं मिसळलं की ५. आणखी पुढे गेलं की ३, मग १. दोघंही खरं बोलतात. प्रश्न इतकाच की नळीच्या तोंडापासून ‘मिसळलं’ म्हणायच्या रेषेपर्यंतचा जो समुद्र आहे, तो कोणाचा? तो किती मोठा, एप्रिलच्या संथ समुद्रात किती आणि श्रावणातल्या खवळलेल्या समुद्रात किती, ओहोटीला तो खाडीच्या तोंडाकडे सरकतो की उघड्या समुद्राकडे? हे सगळं संगणकावरच्या मॉडेलमधून काढतात, आणि मॉडेलला आपण जे वारे आणि प्रवाह खायला घालतो तेच ते पचवून देतं. हे मी चांगलं जाणतो, माझं पोट त्यावरच चालतं. पत्रकात फक्त ‘५ अंश’ होतं. जागा नव्हती, ऋतू नव्हता.

विरोधकांच्या बाजूला बीएनएचएसच्या अभ्यासाचा हवाला असायचा. सतत अर्ध्या अंशाचा ताण राहिला तरी समुद्री जीव मरू शकतात, असा. झेरॉक्सवर त्याचं झालं होतं ‘अर्धा अंश वाढला तरी सर्व मासे मरतील’. ‘सतत’ हा शब्द गळाला आणि ‘सर्व’ हा शब्द आला. कोकणच्या समुद्राचं तापमान ऋतूप्रमाणे काही अंशांनी वरखाली होतच असतं. अर्ध्या अंशाने सगळे मासे मरत असते तर एव्हाना एकही उरला नसता. पण मूळ म्हणणं तसं नव्हतंच. उष्ण प्रदेशातले जीव त्यांना सोसेल त्या तापमानाच्या वरच्या टोकाजवळच जगत असतात. थंड समुद्रातल्या माशाला वर जायला मोकळी जागा असते, आपल्याकडच्या माशाला कमी असते. आणि ऋतूचा उन्हाळा संपतो, नळीचा संपत नाही. मूळ मुद्दा ताकदीचा होता, पण दोन शब्दांच्या अदलाबदलीने तो असा झाला की समोरच्याने हसून उडवावा. आणि तो तसाच उडवला गेला.

पाण्याची आणखी एक गोष्ट अकरा मुद्द्यांत नव्हतीच. ती मला नाट्याच्या जेटीवर कळली. दिवाळीतच मामाबरोबर मासळी आणायला गेलो होतो. जाळं विणत बसलेल्या एका चाचांशी मामाची जुनी ओळख. मी उत्साहाने माझा भागाकार सांगितला, सात अंश वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरा, बाहेर येणाऱ्या पाण्याचं सगळे बोलतात. आत जाणाऱ्या पाण्याचं काय? त्यात काय काय जातं?”

मी गप्प.

घरी येऊन वाचलं. सेकंदाला सहा लाख लिटर पाणी आत ओढताना त्यात माशांची अंडी, पिल्लं, कोळंबीच्या बारक्या अळ्या, न दिसणारं प्लवक हे सगळं येतं. मोठे मासे जाळीवर आपटतात. बारके जाळीतून आत जातात, पंपाचा मार खातात, क्षणात सात अंश तापतात, नळ्यांत शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून टाकलेल्या क्लोरीनमधून जातात आणि मग बाहेर पडतात. थर्मामीटरला यातलं काही दिसत नाही. हा प्रश्न जगाला नवा नव्हता. अमेरिकेच्या १९७२च्या जलकायद्यात पाणी आत घेण्याच्या जागेसाठी स्वतंत्र कलम आहे. आणि योगायोग पाहा, ज्या मे २०१०मध्ये माडबनला जनसुनावणी झाली त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या जलमंडळाने किनाऱ्यावरच्या वीज केंद्रांनी समुद्राचं पाणी एकदाच वापरून सोडून देण्याची पद्धत हळूहळू बंद करावी असं धोरण मंजूर केलं. कारण हेच, आत ओढले जाणारे जीव. जैतापूरची योजना त्याच पद्धतीची होती.

मी कागदाच्या तळाशी पेन्सिलने बारावा मुद्दा लिहिला आणि त्यापुढे टिक केली. अकरा मुद्द्यांत यापेक्षा ताकदीचा एकही नव्हता.

*

बाकीचे भराभर सांगतो.

‘न चाललेली भट्टी आपल्या माथी.’ टिक. मंजुरी मिळाली तेव्हा जगात एकही ईपीआर चालू नव्हती. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोचं काम २००५ साली सुरू झालं, २००९ला संपायचं होतं. नियमित वीज मिळायला २०२३ उजाडलं. फ्रान्समधली फ्लामांव्हिल २००७ला सुरू, २०१२ला पूर्ण होणार होती. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये, आणि तिचा खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या पुढे गेला. तेव्हा ‘प्रगतीला विरोध’ म्हणून हिणवलेल्या या मुद्द्याला काळानेच उत्तर दिलं. खरं तर वाट बघायचीही गरज नव्हती. नोव्हेंबर २००९मध्ये फिनलंड, फ्रान्स आणि ब्रिटन या तिन्ही देशांच्या अणुसुरक्षा संस्थांनी एकत्र पत्रक काढून ईपीआरच्या नियंत्रण व्यवस्थेवर बोट ठेवलं होतं. भट्टी रोज चालवणारी यंत्रणा आणि संकटात ती बंद करणारी यंत्रणा एकमेकींत फार गुंतलेल्या आहेत, एक बिघडली तर दुसरी स्वतंत्र उभी राहील याची खात्री देता येत नाही, असं. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्याकडे नवख्या मुलालाही पहिल्या महिन्यात हे शिकवतात, की धोक्याची घंटा त्याच सर्व्हरवर ठेवू नये ज्याच्यासाठी ती वाजायची आहे. हे पत्रक उघड होतं, जनसुनावणीच्या सहा महिने आधीचं.

‘जमीन नापीक दाखवली.’ टिक. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अभ्यासानेही हे म्हटलं होतं. सडा बाहेरून आलेल्या माणसाला काळा कातळ दिसतो. त्यावर गुरं चरतात, खोलगट जागी भात होतं, कडेने आंबा-काजू असतात, पावसाळ्यात आठ-दहा आठवडे अशी फुलं येतात की पाय ठेवायला जागा नसते. (याच राजापूर तालुक्यातल्या सड्यांवरची कातळशिल्पं पुढे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कातळावर काही नसतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा बारसूला जाऊन यावं.)

‘हापूस नासणार.’ काट. कोळशाच्या केंद्रातून राख आणि सल्फर डायऑक्साइड निघतो, त्याने मोहरावर परिणाम होतो का हा खरा प्रश्न आहे. अणुभट्टीतून तो धूर निघत नाही. तिकडचा मुद्दा उचलून इकडे लावला होता.

‘किरणोत्सर्गाचा अभ्यासच नाही.’ इथे माझी पेन्सिल बराच वेळ हवेत राहिली. चालू भट्टीतून रोज जो अल्प किरणोत्सर्ग होतो त्याने गावंच्या गावं आजारी पडतील या भीतीला मला आधार सापडला नाही. पण पर्यावरण अहवालावरचा आक्षेप वेगळा होता. वापरलेल्या इंधनाचं शेवटी काय करणार, साठ वर्षांनी भट्टी मोडायची कशी, मोठा अपघात झाला तर किती गावं हलवायची, याची पुरेशी उत्तरं त्यात नव्हती. त्यावर म्हणणं असं की सुरक्षेचा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाचा. आणि मंडळाकडे गेलात तर पर्यावरणाचा विषय मंत्रालयाचा. मोठ्या कंपनीत काम केलेल्या कोणालाही हा खेळ ठाऊक आहे. शंका चुकीची आहे असं कोणी म्हणत नाही, ती फक्त दुसऱ्या टीमच्या नावावर टाकली जाते. टिक.

*

मग मी जनसुनावणीबद्दल वाचायला घेतलं. २००६च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश फक्त. बाकी शेकडो पानं इंग्रजीत असली तरी चालतात. गावकऱ्यांची तक्रार होती की मराठीतला अहवाल चारपैकी तीन ग्रामपंचायतींना महिनाभर आधी मिळालाच नाही. म्हणजे ज्यांनी शास्त्रीय आक्षेप घ्यायचे त्यांच्या हातात शास्त्रच नव्हतं. अहवाल करणाऱ्या संस्थेला पैसे प्रकल्पाचा मालक देतो; ही रीत एकट्या जैतापूरची नव्हे, देशभरची. मालकाकडे संस्था, मॉडेल, बोटी, थर्मामीटर. समोरच्याकडे राजापूरच्या बाजारातलं झेरॉक्स मशीन.

मग त्या झेरॉक्सवर ‘उकळतं’ पाणी आलं याचं मला आता तेवढं नवल वाटत नाही. रागही येत नाही. राग येतो तो याचा, की उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा नेमके उकळत्या पाण्याला आणि नासक्या हापूसला जाहीर उत्तर दिलं गेलं. अडाणी आहेत, भडकवलेले आहेत, बाहेरच्या लोकांनी फूस लावली आहे, असं म्हणायला तेच सोयीचे होते. इंधनाचं काय, दोन यंत्रणा वेगळ्या आहेत का, पाणी आत ओढताना काय मरतं, हे मुद्दे त्या गोंगाटात खाली दबले. आंदोलनाकडूनही चूक झाली, हे लिहिल्याबद्दल गावात कोणी मला ओरडेल, पण झाली. लंगडे मुद्दे स्वतःहून मागे घेतले असते तर धडधाकट मुद्द्यांना लपायला जागा उरली नसती.

३५ अटींचंही मला असंच वाटतं. त्यांतल्या काही अटी पुढे अभ्यास करा, नोंदी ठेवा, लक्ष ठेवा अशा स्वरूपाच्या आहेत. आधी मंजुरी, मग अभ्यास. कोकणाच्या या चिंचोळ्या पट्टीत एकूण सुमारे ३३ हजार मेगावॅटचे वीज प्रकल्प येऊ घातलेत, त्यांचा एकत्रित परिणाम बघायला हवा, हे खुद्द रमेश यांनीच तेव्हा बोलून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी माधव गाडगीळ यांच्या समितीनेही रत्नागिरी-सिंधुदुर्गाबद्दल तेच सांगितलं. एकेक प्रकल्प वेगळा मोजला तर प्रत्येक जण पास होतो. सगळे मिळून पास होतात का, ही परीक्षाच कोणी घेतली नव्हती.

त्यानंतर अरेवाचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफकडे गेला. ईडीएफने एप्रिल २०२१मध्ये सहा भट्ट्यांचा प्रस्ताव एनपीसीआयएलला दिला. सड्याभोवती भिंत आहे. आत अजून एकही भट्टी नाही.

पुण्याला परतायच्या आदल्या रात्री मी तो झेरॉक्स मामासमोर ठेवला. टिका, काटा, प्रश्नचिन्हं, तळाशी बारावा मुद्दा. मामाने चष्मा लावून सावकाश वाचलं. मामाची चाळीसेक कलमं आहेत. हापूसच्या काटेवर बोट ठेवून म्हणाला, “हे खोडलंस?”

“मामा, भट्टीमुळे आंबा खराब होत नाही. धूरच नसतो तिथे.”

“ते मलाही ठाऊक आहे रे. तेव्हाही ठाऊक होतं.” त्याने कागद घडी करून परत दिला. “पेटीवर राजापूर लिहिलेलं असतं. वाशीच्या दलालाला हे कोण सांगणार?”